खात्री

भांडुपचा सिग्नल ओलांडून बस जरा उसळली आणि चंद्रप्रकाश परबांनी कचकन ब्रेक दाबला. दार उघडून ते खाली उतरले आणि गुडघ्यांवर हात ठेवून चाकांखाली वाकून पाहू लागले.

मुलुंडहून मालाडच्या ऑफिसात जाणाऱ्या पोरापोरींनी खिडक्यांतून माना काढल्या. रोज पुढच्या सीटवर बसणारी श्वेता दारात येऊन म्हणाली, "काका, खड्डा होता हो! काल पण इथेच उतरलात. लेट झालं ना, तर आमची वाट लागते."

"बघतो फक्त, गं बाय."

चाकाखाली चपटी झालेली पाण्याची बाटली होती. दुसरे काही नाही. परबांनी मागची चाकेही पाहिली, कडेचे गटार पाहिले आणि वर चढले. गिअर टाकेपर्यंत मन शांत होते. मग आतून कुणीतरी विचारले, 'गटारात नीट पाहिलंस? एखादं पोर फेकलं गेलं असेल तर?'

पाहिले होते. पाहिल्याचे आठवतही होते. पण आठवण हातातल्या ओल्या साबणासारखी निसटत होती. कांजूर गेले, बस लिंक रोडला लागली, आणि पवईच्या वळणावर परबांनी भरलेली बस माघारी वळवली. मागून ओरडा सुरू झाला. कुणी मोबाइलवर शूटिंग करू लागले. परबांना ते ऐकू येत होते आणि लाजही वाटत होती, पण स्टिअरिंग सरळ करणे त्यांच्या हातात उरले नव्हते.

भांडुपला रस्ता जसाच्या तसा होता. बाटली मात्र कुणीतरी उचलून नेली होती.

संध्याकाळी सुपरवायझर प्रीतमने त्यांना बाजूला घेतले. "परबकाका, तुमच्या हातून आजवर गाडीला ओरखडा नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. पण हे काय आहे यार? एकदा डॉक्टरला दाखवा. तोपर्यंत चावी माझ्याकडे ठेवतो."

चावी देताना परबांना हायसे वाटले आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात बायको विमला त्यांच्या शेजारी पदर आवळून बसली होती. डॉक्टर मीरा वयाने त्यांच्या लेकीएवढी. तिने सगळे ऐकून घेतले, मधे घड्याळ पाहिले नाही.

"काका, कुणी मेलेलं नाही, हे तुम्हाला कळतं?"

"कळतं ना, मॅडम. तोच तर तिढा आहे. कळतं, तरी जीव ऐकत नाही."

"कारण कळण्याचा भाग तुमचा ठणठणीत आहे. खात्री वाटण्याचा अडकलाय." तिने स्वतःच्या कपाळावर बोट टेकवले. "मेंदूचा हा पुढचा भाग धोका दिसला की ओरडतो. आत खोल दुसरा भाग असतो, तो म्हणतो, झालं, पाहिलं, आता सोड. या दोघांतला निरोप तुमच्याकडे नीट पोचत नाही. म्हणून ओरडणं थांबत नाही. त्या निरोपात सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा हात असावा, असं आम्ही मानतो. सगळं काही अजून कुणालाच कळलेलं नाही. पण त्यावर काम करणाऱ्या गोळीने गुण येतो, हे नक्की. घरात आणखी कुणाला असं होतं?"

विमलाच म्हणाली, "ह्यांच्या बाबांक होता. गिरणीतून सुटले की माग बंद केलो काय नाय, ता बघूक परत आत जायचे. लोक हसायचे. खुळो परब म्हणायचे."

"मीसुद्धा हसलोय," परब हळूच म्हणाले.

गोळीचे नाव फ्लुवोक्सामिन. डोस हळूहळू वाढवायचा, गुण यायला दोन-तीन महिने. सुरुवातीला मळमळ, पेंग, कधी अस्वस्थपणा. बरोबर समुपदेशनालाही यायचे. आणि तूर्त बस चालवायची नाही.

पहिल्या दिवसांत जेवण समोर आले की पोटात ढवळायचे. दुपारी डोळे मिटायचे आणि मिटल्या डोळ्यांपुढे भांडुपचे गटार यायचे. गाडी चालवत नव्हते, तर विचार थांबायला हवा होता. तो उलट घरातच राहायला आला. पेपरात 'अज्ञात वाहनाची धडक' दिसली की परब जागा वाचायचे, मग तारीख, मग पुन्हा जागा. एके सकाळी त्यांनी गोळी बेसिनमध्ये टाकली आणि चपला घातल्या.

विमलाला फोन आला तेव्हा ऊन डोक्यावर होते. भांडुपच्या पोलीस चौकीतल्या बाकावर परब घामाने थबथबून बसले होते. हवालदार वैतागला होता. "वहिनी, हे सांगतात, माझ्याकडून माणूस मेला, अटक करा. सगळं तपासलं. त्या दिवशी तिथं काहीच नाही झालेलं. तरी म्हणतात, परत बघा."

"साहेब, एकदाच," परबांनी हात जोडले. "एकदा परत बघा ना. मग मी जातो."

विमला त्यांच्यासमोर उभी राहिली. रडली नाही. "त्यांनी बघितलानी तरी तुमका पटाचा नाय. उद्या पुन्हा येशात. बाबा असेच गेले. त्यांका गोळी गावली नाय. तुमका गावलीहा, आणि तुमी ती बेसिनात टाकतास?"

परबांनी जोडलेले हात सोडले. कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

त्यानंतर गोळी विमलाच्या हातून, तिच्यासमोर. गणपती गेले, पावसाळा गेला. परबांना कधी कळले नाही की नेमका कोणत्या दिवसापासून उतार पडू लागला. विचार यायचा, पण शेजारच्या घरातल्या भांडणासारखा. ऐकू यायचा, उठून जावेच लागायचे नाही. कधी भिंत पातळ व्हायची आणि सगळी दुपार त्यात जायची. डॉक्टर मीरा म्हणाली, "बराच फरक आहे, काका. आता बस चालवायचा विचार करता येईल." परबांनी मान हलवली. "नको. मागे एवढी पोरं बसतात."

प्रीतमने त्यांना मालाडच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये काम दिले. तळघरातल्या अरुंद जागेत बसगाड्या रिव्हर्स घ्यायला लागतात. मागे उभे राहून हाताने इशारा करायचा.

त्यांच्या जुन्या बसवर आता सुयोग नावाचा ड्रायव्हर आहे. पहिल्या दिवशी त्याने खिडकीतून विचारले, "काका, मागे क्लिअर ना?"

परबांनी खांबाकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, खाली पाहिले. एकदाच. मग बसच्या पत्र्यावर थाप मारली. "येऊ दे. येऊ दे."

सुयोगने आरशातही पाहिले नाही. बस मागे येऊ लागली. परबांना आतून कुणीतरी विचारले, 'खाली नीट पाहिलंस?' वाकून पाहायला गुडघे आपोआप लवले. त्यांनी ते सरळ केले.

"येऊ दे," ते म्हणाले.