टाकीचं झाकण

सकाळी नऊला मेंब्रेनकडे जाणारं पाणी थांबलं. ऑपरेटर सुगतनं पंप बंद केला. अमरावतीच्या त्या वसाहतीत दोनशे घरांचं सांडपाणी जमिनीखालच्या टाकीत जमे. तिथून ते मेंब्रेनच्या अतिबारीक छिद्रांतून गाळून, मग आणखी शुद्ध करून बागेला आणि संडासांना परत मिळणार होतं. आज टाकीतल्या पंपात चिंध्या अडकल्या होत्या.

वसाहतीचे अध्यक्ष खुशालराव धावत आले. "सुगत, उतर लवकर. अकराले उद्घाटनाची पूजा हाये."

"साहेब, मानसानं टाकीत उतराले कायद्यानं बंदी हाये. बडनेऱ्याहून गाळ उपसाची गाडी बलावली. तीनले येते."

"अन् अकराले पाव्हन्यांले का दाखवू? तुही डिग्री?"

"मीच काहून, साहेब? गोपाल बी ऑपरेटरच हाये."

दोघं एकाच बाकावर बसून बीएस्सी झाले होते. गोपाल आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळू लागला.

"तो पाटलाचा पोरगा," खुशालराव हसले. "तुमच्या घरी सवय हाये."

सुगतची आई सुभद्रा त्याच वसाहतीत झाडू मारी. ती लगबगीनं जवळ आली. "जाय बाप्पा. खुर्चीवरची नोकरी हाये, नोको घालवू."

खुशालराव उघड्या टाकीवर वाकले. "आता तर वास बी नाही येऊन राहिला. पाच मिनिटाचं काम."

सकाळी टाकी उघडली तेव्हा सडक्या अंड्यांचा वास होता. तो वास विषारी वायूचा, आणि हा वायू वाढला की नाक बधिर होतं, हे सुगतला ठाऊक होतं. वास येईना, म्हणूनच त्याला भीती वाटत होती.

सुभद्राच्या हातातला झाडू थांबला. "याच्या बापालेई पाचच मिनिटं सांगतली होती. दोरानं काढला त्याले."

तिनं लोखंडी झाकण ओढून टाकीवर लोटलं आणि त्याच्यावर फतकल मारून बसली. "आता उतरा तुमीच."

सुगत तिच्या शेजारी बसला.

पूजा अकरालाच झाली. काचेच्या बरणीत बोअरचं पाणी भरलं होतं, वर चिठ्ठी होती : 'शुद्ध केलेले सांडपाणी'. पाहुण्यांनी बरणी उजेडात धरली. टाळ्या वाजल्या. तीनला गाडी आली. चाळीस मिनिटांत टाकी रिकामी झाली आणि संध्याकाळी मेंब्रेनमधून खरोखरीचं नितळ पाणी पडू लागलं. तोवर सुगतकडून किल्ल्या काढून घेतल्या होत्या. सुभद्रालाही उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

मायलेक फाटकाबाहेर गेल्यावर खुशालरावांनी गोपालला जवळ बोलावलं.

"त्यांच्या वस्तीतलं दुसरं शिकलेलं पोरगं हाये का तुह्या नजरेत? जरा ऐकणारं पाय."

गोपालनं नळावर साबणानं हात धुतले, रुमालाला पुसले. मग त्यानं दोन नावं सांगितली.