रक्त आधी, हळद मग

माझा मोठा भाऊ योगराज उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंग कालवायचा. वर्षभरात त्याचं रक्त इतकं उतरलं, की जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आईनं नजर काढली. गुण कशाचाच नाही. माझा संशय मिलमधल्या नारंगी भुकटीवर होता, आणि एकदा संशय आला की मला चैन पडत नाही.

मी एका छोट्या प्रयोगशाळेत कामाला होते. बाळाच्या नाळेतल्या रक्तात मूळपेशी असतात, त्यांच्यातूनच पुढचं रक्त बनतं. त्या काचेच्या ताटल्यांत वाढवायच्या, एकेका ताटलीत एकेक रंग घालायचा आणि वाढ कुठे खुंटते ते बघायचं, असा माझा बेत होता. घोडं अडलं नाळेपाशी. आम्ही खानदेशी माणसं दवाखान्यातूनसुद्धा नाळेसकट वार मागून आणतो आणि घराजवळ पुरतो. चंचलवहिनी बाळंत झाली तेव्हा मी योगराजची शपथ घालून आईला राजी केलं. ठरलं असं: नाळेतलं रक्त माझं, वार आईची.

दोन आठवड्यांनी बघते तर सगळ्या ताटल्या ओस! रंग न घातलेलीसुद्धा. म्हणजे चूक रंगाची नव्हे, माझीच कुठेतरी. मी पेशींचं पोषक पाणी बदललं, उबेची पेटी तपासली, स्वतःला शिव्या घातल्या. शेवटी उरलेल्या रक्ताची नळी उजेडात धरली. तळाशी पिवळा गाळ होता.

“माय, वारेला काही लावलं होतंस?”

“हयद-कुंकू लायं. घरमा पहिलं लेकरू शे. तशीच कशी देऊ?”

आधी मी भडकले, मग हसतच सुटले. योगराजसाठी चाललेला प्रयोग आपल्या हळदीनं बुडवला, हे आईला मात्र फार लागलं.

डिंडोलीतल्या आमच्या घराशेजारी राहणाऱ्या कमलचे दिवस भरत आले होते. तिच्या सासूला आईनंच पटवलं: रक्त आधी, हळद मग. कमलच्या वेळी आई बाळंतखोलीच्या दारात कुंकवाचा करंडा मांडीखाली दाबून बसली होती.

या वेळी साध्या ताटलीत मटकीला मोड यावेत तसे पुंजके उगवले. निळ्यातही आले, लालमध्ये थोडे कमी. नारंगी ताटलीत काही म्हणजे काही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी तीच ताटली पुन्हा पुन्हा उजेडात धरत राहिले. अजून दोनदा करून बघायला हवं, असं मी स्वतःला बजावलं, तरी योगराजला आणि आईला बोलावून घेतलं.

योगराजनं बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिलं. “रंग किती टाका व्हता?”

“हजार भाग पाण्यात एक.”

“आम्ही तं घमेलं भरी कालवतस,” तो म्हणाला. उद्यापासून रंगखात्यात पाय ठेवणार नाही, असंही म्हणाला. आईनं देवाला हात जोडले आणि दारात जाऊन चपला घालू लागली.

“तुन्हा जागावर कोन येई?” तिनं सहज विचारलं.

“सुकलाल. त्या भटूना पोऱ्या.”

आईनं घातलेली चप्पल काढली आणि परत स्टुलावर येऊन बसली.

“मी आठेच बठस. जाय, सुकलालले लई ये. तेले बी ताटली दखू दे.”