बिनवाऱ्याची गाणी

दचकू नका. घरात दुसरं कोणी नाही. बोलतेय ती मी, खिडकीखालची पायपेटी. या घरात भूत आहे असं तुमच्या कानावर आलं असेल, तर त्यातही माझंच नाव घेतलं गेलं असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. म्हणून म्हटलं, एकदा आपल्याच तोंडाने सगळं सांगून टाकावं.

मी पेटीच, पण हाताने भाता हलवायची नव्हे. माझा भाता पोटात आहे आणि त्याला वारा द्यायचा पायांनी. खाली दोन फळ्या आहेत. त्या आळीपाळीने दाबत राहिलं की भाता चालतो आणि वरची पट्टी दाबली की सूर निघतो. पाय थांबले की मी मुकी. मग पट्ट्यांवर कितीही बोटं नाचवा, लाकडाची टक टक तेवढी ऐकू येते.

मला घडवलं एका सुताराने आणि त्याच्या मेहुण्याने. सुताराचं म्हणणं, पेटी दिसायला हवी. मेहुण्याचं म्हणणं, वाजायला हवी. या भांडणात मी दोन्ही बाजूंनी बरी निघाले. फक्त इकडून तिकडे नेता यावी म्हणून माझी पाठ ठेंगणी ठेवली, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला वाजवणाऱ्याचे हात दिसतात. पुढे एका शाळेच्या प्रार्थनागृहात मी बरीच वर्षं काढली. पोरांनी माझ्या फटींत खडू, पेन्सिलींची टोकं, एकदा तर पडलेला दात कोंबला. मग विजेवर चालणारी नवी पेटी आली आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली.

तिथे मला माझी बाई भेटली. ती शिवणकाम करायची आणि शाळेच्या पडद्यांची मापं घ्यायला आली होती. टेप गळ्यात तसाच ठेवून तिने माझं झाकण उघडलं, उभ्या उभ्या एक फळी पायाने दाबली आणि एक पट्टी धरून ठेवली. सूर धुळीने घोगरा आला. तरी ती हसली आणि मला मागून घेतलं.

बाईच्या घरी तिचा नवरा आणि एक लहान लेक. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाच्या खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते जुळवायचंही उलटं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. या गृहस्थाचा जन्म त्यात गेलेला. उलटी ओळ तो घडाघडा वाचायचा. बाई त्याला चिडवायची, की छापलेलं सरळ पान समोर आलं की तुम्हाला चुकल्यासारखं वाटत असेल.

आता बाईचं वेड सांगते. तिला नाताळची गाणी आवडायची. आवडायची म्हणजे किती, तर भर उन्हाळ्यात कपाळावरून घाम ओघळतोय, मशीनवर कुणाचं पातळ झबलं शिवतेय आणि तोंडात बर्फाची, मेंढपाळांची, ताऱ्याची गाणी. मशीनची फळीही त्याच ठेक्यात चालायची. काम संपलं की माझ्याकडे यायची आणि मग ती गाणी साऱ्या घराला ऐकावी लागायची.

नवऱ्याला गाणं आवडत नव्हतं असं नाही. पण रोज गोड खाल्लं तर सणाला काय खाणार, असं त्याचं म्हणणं. शेवटी एकदा त्याने नियमच केला की नाताळचं गाणं वाजायचं ते एक डिसेंबरला, आधी नाही. बाई लगेच कबूल झाली. इतकी लगेच, की मलाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली, पाय फळ्यांवरून उचलून जमिनीवर ठेवले आणि वाजवायला लागली. बिनवाऱ्याने. टक टक टक.

"हे नियमात बसत नाही," नवरा म्हणाला.

"मी वाजवतेय कुठे? काही ऐकू येतंय का तुम्हाला?"

त्याने खुर्ची ओढली, माझ्या पाठीशी, तिच्या समोर बसला, मांडीवर छापखान्यातली तपासायची पानं घेतली आणि पानांऐवजी तिचे हात बघत राहिला. पुढे ही दोघांची सवयच झाली. वर्षाचे अकरा महिने ती मुकी गाणी वाजवायची आणि तो समोरून बघायचा. मला मात्र सगळं ऐकू यायचं. प्रत्येक पट्टीवरचं तिच्या बोटाचं वजन मला पाठ होतं. मेंढपाळांच्या गाण्यात तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती उगाच रेंगाळायची, जशी कुणाची वाट बघतेय. त्या रेंगाळण्यावर माझा जीव होता.

आणि डिसेंबर आला की काय सांगू. खिडकीत मेणबत्त्या, दारावर हिरवी डहाळी, बाईने चिंध्यांतून शिवलेला मोठा तारा. दिवेलागणीला ती माझ्यापुढे बसायची, पाय फळ्यांवर ठेवायची, आणि वर्षभर कोंडलेलं एकदम बाहेर पडायचं. लेक जमिनीवर बसून आईची पावलं बघायची. नवरा तिथेच, समोर. मला त्या दिवसांइतकं सुख पुढे कधी मिळालं नाही, हे मी सरळच सांगते.

मग एका वर्षी बाई आजारी पडली. नोव्हेंबर सरत आला होता. तिला उठवत नव्हतं, तरी भिंत धरून ती माझ्यापर्यंत आली. नवरा मागे होताच.

"आज वाजव," तो म्हणाला. "पाय लाव. मोडला नियम."

"नको," ती म्हणाली. "थोडेच दिवस राहिलेत. वाट बघण्यातच तर अर्धा सण असतो, अहो."

त्या संध्याकाळी तिने मेंढपाळांचं गाणं बिनवाऱ्याने वाजवलं, अगदी सावकाश. तिसऱ्या ओळीला रेंगाळली. मग झाकण लावलं. डिसेंबर आला तेव्हा ती नव्हती.

माझ्यावर तिनेच शिवलेली खोळ चढली. लेक एव्हाना मोठी होऊन दुसरीकडे, औषधांच्या दुकानात नोकरी करत होती, ती वडिलांसोबत राहायला आली. छापखाना तोवर बंद झाला होता. लेकीलाही आईचं वेड थोडं लागलेलं. तिने पहिल्या डिसेंबरात तारा बाहेर काढला, तर बाप म्हणाला, यंदा राहू दे. दुसऱ्या डिसेंबरातही तेच, यंदा राहू दे. पुढे ती विचारेनाशी झाली.

आणि मग एका दुपारी माझी खोळ उचलली गेली.

घर रिकामं, लेक कामावर. झाकण उघडलं आणि पट्ट्यांवर बोटं पडली. फळ्या हलल्या नाहीत. टक टक टक. ठेका मेंढपाळांच्या गाण्याचा. तिसरी ओळ आली आणि बोटं शेवटी रेंगाळली, अगदी तशीच, तेवढीच. खरं सांगते, माझ्या पितळेवर काटा उभा राहिला. मला वाटलं, आली. पण काहीतरी भलतं होतं. गाणं जिथे वर चढतं तिथे ही बोटं खाली उतरत होती. ठेका तिचा, चाल उलटी. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात ना, तसं ओळखीचं माणूस उलट्या पावलांनी घरात आल्यासारखं झालं. मी भ्यायले. पेटी असून भ्यायले.

गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही बोटं जड आहेत आणि त्यांची टोकं खिळे उचलून उचलून चपटी झालेली आहेत.

तो नवरा होता.

इतकी वर्षं समोर बसून त्याने तिचे हात बघितले होते. समोरून उजवं ते डावं दिसतं, हे कुणीही जाणतं. पण या माणसाचा हात आयुष्यभर उलटं जुळवत आलेला. जसं दिसलं तसं मनात जुळवून ठेवलं, वेळ आली की सुलटं उमटेल या भरवशावर. आणि वारा दिलाच नाही, तर चूक कळणार कशी? तो डोळे मिटून वाजवायचा. त्याला तिचंच गाणं ऐकू येत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. मला ठाऊक होतं की ज्या दिवशी याचे पाय फळ्यांवर पडतील, त्या दिवशी बाईचं गाणं मरेल. सांगावं तरी कसं? माझं तोंड त्याच्याच पायाशी बांधलेलं.

वर्षं गेली. रोज दुपारी टक टक. एकदा लेक कामावरून लवकर परतली आणि दाराबाहेरूनच तिने ते ऐकलं. ती आत आलीच नाही, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राहिली. ती परत आली तोवर बाप खोळ घालून, पेपर उघडून बसलेला.

रात्री जेवताना तिने विचारलं, की बाबा, दुपारी तुम्हाला काही ऐकू येतं का. बापाला लाज वाटली असावी. ज्या गाण्यावर आपणच बंदी घातली ते आपण चोरून वाजवतो, हे सांगणार कसं. "नाही बुवा," तो म्हणाला. घरातलं भूत जन्माला आलं ते या दोन शब्दांतून.

शेजारणीने लेकीला सांगितलं, की आईचा जीव त्या पेटीत अडकलाय, सणाच्या आधी देऊन टाक, तीही सुटेल आणि तूही. लेक तशी शहाणी. पण तिने ती टक टक आणखी दोनदा ऐकली होती, आणि तिसऱ्या ओळीचं रेंगाळणं तिलाही ओळखू आलं होतं. तिने बापाला विचारलं, पेटी देऊन टाकू का. बापाने पेपर तोंडासमोर धरला. नाही म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी ती जुन्या सामानाच्या दुकानदाराला घेऊन आली. दार लोटलेलं होतं. आतून टक टक. लेकीने दुकानदाराची बाही धरली.

"उंदीर आहेत, ताई," तो म्हणाला. "भात्याचं चामडं त्यांना फार आवडतं." आणि त्याने दार ढकललं.

बाप हात वर धरून तसाच बसून राहिला. दुकानदाराने दोघांकडे पाहिलं, नंतर येतो म्हणाला आणि गेला. तो शहाणा माणूस असावा.

लेक रागावेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याशेजारी खालीच बसली आणि खूप वेळ रडली, आणि मग तिला हसूही आलं. बापाने तिला हळूहळू सगळं सांगितलं.

"मग वारा का नाही दिलात?" तिने विचारलं.

"दिला, आणि ते तिचं नसलं तर?"

"डिसेंबर आहे, बाबा. मी पाय लावते. तुम्ही वाजवा."

ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. फळ्या खाली गेल्या. कित्येक वर्षांनी माझ्या पोटात वारा खेळला. मी आनंदून जायला हवं होतं. मी नुसती घाबरले होते. बापाने डोळे मिटले आणि पहिली पट्टी दाबली.

जे वाजलं ते या जगातलं वाटत नव्हतं. चढाच्या जागी उतार, उताराच्या जागी चढ. गाण्यातला जो तारा वर जायचा तो विहिरीत उतरत गेला. लेकीने पाय मात्र थांबवले नाहीत. तिसऱ्या ओळीपर्यंत जाऊन बापाने हात उचलले.

"हे कोण आहे?" त्याने विचारलं.

लेकीने त्याच्या हातांकडे पाहिलं, मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि तिला सगळं उमजलं. तिने सांगितलं तेव्हा तोही समजला. खिळेच जुळवले की मी, असं म्हणून हसायचा प्रयत्न केला. मग पुन्हा डोळे मिटून त्याने बिनवाऱ्याने पट्ट्या दाबल्या आणि कान देऊन बसला.

"आता ऐकू येत नाही ती," तो म्हणाला. "रोज यायची. गेली."

मी एवढी माणसं पाहिली, पण इतकं एकटं पडलेलं माणूस पाहिलं नाही. लेकीने पाय फळ्यांवरून काढून जमिनीवर ठेवले आणि म्हणाली, "थांबू नका, बाबा. परत."

त्याने पुन्हा टक टक सुरू केली. ठेका तर बाईचाच होता, त्यात तसूभर फरक नव्हता. त्या ठेक्यावर लेक गुणगुणू लागली, सुलटं, आईचं गाणं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी त्याची बोटं रेंगाळली, तशी तीही रेंगाळली. बापाने डोळे उघडले नाहीत. त्याला बाई ऐकू आली की लेक, हे मी विचारू शकत नाही आणि तो सांगणारही नाही.

त्या संध्याकाळी तारा लागला. दुकानदार पुन्हा आला नाही. आता दर डिसेंबरात दोघं असंच करतात, तो मुकं वाजवतो आणि ती गाते. तो थकलाय. बोटं पट्टीवरून घसरतात, दम लागतो.

आणि अलीकडे तो संध्याकाळी फिरायला बाहेर पडला की लेक एकटीच माझ्यापुढे बसते. पाय फळ्यांवर ठेवते, भरपूर वारा देते आणि वाजवते. आईचं नव्हे. त्याचं, ते उलटं. एकेक सूर चाचपत, चुकला की पुन्हा मागून, अगदी तो दाबायचा तसा. आईचं गाणं तिच्या गळ्यात आहेच. बापाचं गाणं जगात दुसऱ्या कुणालाच येत नाही, आणि आपल्याला ते लवकरच लागणार आहे, हे तिला कळून चुकलंय.

तुम्ही कधी या खिडकीखालून गेलात आणि आतून असं भलतंच, चढाच्या जागी उतरणारं नाताळचं गाणं ऐकू आलं, तर हसू नका, घाबरूही नका. आणि गाण्यातलं कळत असलं तरी कृपा करून दार वाजवून ते दुरुस्त करायला येऊ नका.