पोटात न उतरलेली वीज

मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे. जपानमधल्या कावागुचीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात, विजेच्या भट्टीमागच्या पेटीत राहते आणि भट्टीला वीज पोचवते. मित्रांनो, आज मी पातळ दिसते, पण एके काळी चांगली जाडजूड होते आणि त्याचा मला कोण तोरा होता!

मालक तोकुजींनी मला निवडलं तेच मुळी जाडीसाठी. पण भट्टी पेटली की मी भाजून निघायचे. माझ्या अंगावर एक पांढरा ठिपका चिकटवला होता, तापल्यावर काळा पडणारा. तो दुपारीच काळाठिक्कर व्हायचा आणि भट्टी बंद करावी लागायची. आतलं लोखंड थिजू लागलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे.

तोकुजींनी काय करावं? माझ्या पाठीला अगदी चिकटून दुसरी जाड पट्टी आवळली. ठिपका तरी काळाच! "आणखी किती तांबं गिळशील गं बये?" ते माझ्यावर खेकसले. मला फार लागलं ते. मग एका सकाळी त्यांनी सांगून टाकलं, "यंदाचा भात्याचा सण, आपला ओतकाऱ्यांचा वर्षाचा सण, शेवटचा. भट्टीला विश्रांती देऊ, गल्लीत रिवाजाप्रमाणे संत्री वाटू आणि मग कारखान्याला कुलूप घालू."

त्यांची सून चिगुसा विजेचं शिकलेली. त्या दुपारी ती डबा घेऊन माझ्या उघड्या पेटीसमोर बसली आणि योकानच्या लांबट गोड वडीवर काडीने चौकोन पाडू लागली.

"अगं, वडी खायची असते, तिची चाळण काय करतेस?" तोकुजी म्हणाले.

"बाबा, ही आपली पट्टी समजा. गोल तारेला तयार सूत्र असतं, हिच्या कोपऱ्यांना ते चालत नाही. म्हणून हिचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येकातली वीज बाकीच्यांतल्या विजेला किती अडवते, ते सगळं एकत्र मांडायचं. मग कळतं वीज कुठून जाते."

"कुठून जाते?"

"कडेकडेने, कोपऱ्यांतून जास्त. आपल्या भट्टीची वीज सेकंदाला हजार हेलपाटे घालते. पोटात शिरायला तिला सवडच नाही." तिने वडीचा मधला भाग काढून तोंडात टाकला. "एवढं तांबं नुसतं बसून आहे."

मित्रांनो, माझं अवसानच गळालं. ज्या पोटाचा मला तोरा, तेच रिकामटेकडं!

"मग आता?"

"दोन्ही पट्ट्या वितळवून, लाटून पातळ आणि रुंद करू. एकीतून वीज जाईल, दुसरीतून परतेल; दोघी समोरासमोर, मध्ये बारीक फट, म्हणजे वीज कडेला न साठता अंगभर पसरेल."

"असल्या पापडाने भट्टी चालायची?"

"ठिपका काळा पडला तर कुलूप मीच आणून देते."

मला वितळवलं, लाटलं. रडू आलं, खोटं कशाला बोलू? सणाच्या दिवशी बाहेर पोरं संत्री झेलत होती आणि आत चिगुसा माझ्यावर नवा पांढरा ठिपका चिकटवून आम्हाला पेटीत बसवत होती.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. तोकुजी ठिपक्यासमोरून हललेच नाहीत. दुपार झाली, लोखंड साच्यात ओतलं गेलं. ठिपका पांढराच! वीज माझ्या अंगभर खेळत होती, आणि मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तोकुजींनी खिशातलं संत्रं सोललं, अर्धं सुनेला दिलं. "चिगुसा, पुढच्या सणाला संत्री जास्त सांगू या. यंदा गल्लीच्या टोकापर्यंत पुरली नाहीत."

मित्रांनो, तुमच्याजवळचं कुणी कामाने तापलं, तर त्याच्या पाठीला आणखी एक जाड पट्टी आवळू नका. त्याला जरा मोकळी जागा द्या. मी आता पापडासारखी पातळ आहे खरी, पण अख्खी कामाला येते.