पुढच्या डाव्या शॉकवरची रेघ

कुशाबा गावड्यांचा कुणावरच विश्वास नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. तीन माणसांवर होता. बायको सुभद्रा, मुलगी आकांक्षा, आणि समोरच्या गणपतीच्या कारखान्यातला मूर्तिकार शामराव. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती यादी दोनवर आली आणि गळालेलं नाव मुलीचं होतं.

त्यांचा गाळा लालबागला, चिवडा गल्लीच्या मागे. तीस वर्षं तिथे टॅक्स्यांचे शॉक अॅब्सॉर्बर उघडले, धुतले, भरले. खड्ड्यावरून जाताना स्प्रिंग गाडीला उडवते आणि शॉक त्या उडण्याला आवरतो, एवढंच त्याचं काम. ते नीट झालं नाही तर चाक रस्ता सोडतं. टॅक्सीचं चाक सुटलं तर पॅसेंजर शिव्या घालतो आणि विषय संपतो. शर्यतीच्या गाडीचं सुटलं तर गाडी भिंतीवर जाते. गेली पाच वर्षं कुशाबा फक्त शर्यतीच्या गाड्यांचे शॉक बांधत होते, कारण त्यातली एक गाडी आकांक्षा चालवायची.

त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. पुढच्या दोन्ही शॉकना खाली एक फिरकी असते. ती पूर्ण आवळायची आणि मग एकेक क्लिक मोजत मागे घ्यायची. जितकं मागे घ्याल तितका शॉक नरम. क्लिक कानाला ऐकू येत नाही, लालबागच्या गोंगाटात तर नाहीच. ती बोटाला कळते. बाकीचे मेकॅनिक एक फिरकी मोजतात, मग दुसरी. कुशाबा दोन्ही शॉक टेबलावर शेजारी आडवे ठेवायचे, डाव्या फिरकीवर डावा हात, उजवीवर उजवा, डोळे मिटायचे आणि दोन्ही बरोबरच फिरवायचे. "दोन्ही हात एकाच डोक्याचे, फरक पडेलच कसा?" असं ते म्हणायचे, आणि ऐकणारा मान डोलवायचा. ट्रॅकवरची माणसं त्यांना जोडीवाले काका म्हणत. मागच्या शॉकना स्क्रू असायचा. ते काम उजव्या हातानं, स्क्रूड्रायव्हरनं, एकेक.

मग गेल्या वर्षाअखेरीस आकांक्षाच्या टीममध्ये नील आला. शिवाजी पार्कचा मुलगा. इंजिनिअर, तिशीचा, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. बरोबर एक यंत्र घेऊन आला. त्यात शॉक अडकवला की यंत्र तो वर-खाली हलवायचं आणि तो किती जोर लावतो त्याची रेघ पडद्यावर काढायचं. कुशाबांनी यंत्राला गाळ्याचा मागचा कोपरा दिला. कौतुक म्हणून नव्हे. डोळ्यासमोर नको म्हणून.

पहिली ठिणगी शॉक निवडताना पडली. नीलला परदेशी शॉक हवे होते, बाजूला गॅसची वेगळी डबी असलेले. कुशाबांनी साधेच घ्यायला लावले. "आपली गाडी हलकी. एवढा दणकट शॉक घातलास तर चाक रस्त्याला चिकटायचं सोडून नाचत बसेल." साधे शॉक त्यांनी उघडले, आतल्या कागदासारख्या पातळ चकत्या बदलल्या, पुन्हा बंद केले. नीलनं यंत्रावर रेघ काढली आणि म्हणाला, "बरोबर आहे काका, हेच चांगले." एवढ्या पटकन कबूल करणाऱ्या माणसाचा कुशाबांना त्याच दिवशी संशय आला.

संशयाला पुढे खतपाणी मिळत गेलं. जूनच्या शर्यतीहून शॉक परत आले तेव्हा कुशाबांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी आवळून पाहिले. पाठवताना दोन्ही आठ क्लिकवर होते, वहीत तसं लिहिलं होतं. उजवा आठला थांबला. डावा अकरापर्यंत गेला. जुलैत पुन्हा तेच. म्हणजे कुणीतरी पुढचा डावा शॉक तीन क्लिकनं नरम करत होतं. एकदा झालं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. दोनदा झालं, म्हणजे नक्की पाणी मुरत होतं.

आणि कोण? गाळ्याची किल्ली तिघांकडे. कुशाबा, आकांक्षा, नील.

मग त्यांच्या लक्षात यायला लागलं की शॉक बांधून झाले की नील हमखास म्हणतो, "काका, तुम्ही जेवून या निवांत." दुसऱ्याच्या बापाच्या पोटाची एवढी काळजी कोण करतं? आपण आत शिरलो की नील आणि आकांक्षा बोलायचं थांबतात, तेही दिसायला लागलं. आणि गेल्या सोमवारी शटरबाहेर चप्पल काढताना त्यांनी नीलचे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले. "डावाच. तीन. त्यांना अजून काही कळलेलं नाही."

आकांक्षा म्हणाली, "कळू द्यायचं पण नाहीये."

कुशाबा तसेच मागे फिरले आणि चिवडा गल्लीतून दोन फेऱ्या मारून आले. पोरीला यानं फितवलं, हे त्यांनी पहिल्या फेरीत ठरवलं. दुसऱ्या टीमला आपली सेटिंग पुरवतोय, हे दुसऱ्या फेरीत. पुरवताना फिरकी हलवतो आणि परत नीट बसवायची अक्कल नाही. गाडीत बसणार कोण? त्यांचीच पोर. जानेवारीत उजव्या वळणावर गाडी बाहेर पळून तिच्या गळ्याचं हाड मोडलं होतं, सहा आठवडे हात झोळीत होता. तेव्हा चूक तिची होती, ब्रेक उशिरा मारला होता, ती स्वतःच तसं म्हणाली होती. कुशाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. पण आता चूक तिची नसताना ती भिंतीवर जाणार असेल, तर गप्प बसणाऱ्या बापाला बाप कोण म्हणेल?

गुरुवारी दुपारी चारला शॉकची पेटी पुढच्या शर्यतीसाठी चेन्नईला निघायची होती. सकाळी कुशाबा समोर शामरावकडे गेले. कारखान्यात पंचवीसएक गणपती डोळ्यांवाचून बसले होते.

"डोळे आखायचा ब्रश दे जरा. आणि थोडा काळा रंग."

"डोळ्यांचा ब्रश? तुला रे कशाला?"

"चोर पकडायचाय."

शामरावनं वर पाहिलं, पण सीझनच्या दिवसांत चौकशीला वेळ नव्हता. एवढ्यात चहा आला, उकळता, काचेच्या ग्लासात. शामरावनं पंच्याच्या टोकानं ग्लास धरला. कुशाबांनी डाव्या हाताच्या मुठीत धरला आणि सावकाश प्यायले.

"हात आहे का सांडशी रे ती?" शामराव म्हणाला.

कुशाबांना बरं वाटलं. कामाचा हात असा असतो, असं म्हणून ते ब्रश घेऊन गाळ्यात आले.

त्यांनी शॉक बांधले, डोळे मिटून दोन्ही फिरक्या आठ-आठ क्लिक मागे घेतल्या. मागचे दोन स्क्रूड्रायव्हरनं लावले. मग उजव्या हातानं ब्रश धरून चारही शॉकवर केसाएवढी बारीक रेघ ओढली, अर्धी फिरकीवर, मागच्यांना स्क्रूवर, आणि अर्धी शॉकच्या अंगावर. फिरकी एका क्लिकनं जरी हलली तरी रेघ तुटणार. रेघा खालच्या बाजूला होत्या, ज्याला माहीत नाही त्याला दिसणार नाहीत.

साडेबाराला नील म्हणाला, "काका, जेवून या ना."

"येतो की," कुशाबा म्हणाले, इतके गोड की त्यांचं त्यांनाच किळसवाणं वाटलं.

घरी ताटात कुर्ल्यांचं सार होतं, पण चव लागली नाही. सुभद्रानं वाढता वाढता त्यांचा डावा हात धरला. "हातार ह्यो फोड कसलो? भाजलास की काय खंय?"

"कुठे भाजलंय? काही कळलं पण नाय," कुशाबा म्हणाले आणि भात अर्धा टाकून उठले.

गाळ्यात परतले तेव्हा नील यंत्राचा पडदा बंद करत होता आणि आकांक्षा पेटीत फोम घालत होती. कुशाबांनी शटर अर्धं खाली ओढलं. चष्मा लावला. उजवा पुढचा शॉक उलटा केला: रेघ अखंड. मागचे दोन: अखंड. पुढचा डावा उलटा केला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रेघ तुटली होती, दोन टोकं एकमेकांपासून बोटभर दूर.

"कुणी हात लावला याला?"

आकांक्षानं हातातला फोम खाली ठेवला.

"नील, मी विचारतोय. माझ्या पोरीचा जीव या फिरकीवर आहे. कोणाला विकलास तू तिला?"

नीलचा चेहरा पांढरा पडला. त्यानं आकांक्षाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चोरानं घालावी तशी, असं कुशाबांना वाटलं.

"काका, मी..."

"तू नको बोलूस," आकांक्षा म्हणाली. "मी सांगितलं होतं त्याला, बाबा. हात त्यानं लावला, पण माझ्या सांगण्यावरून."

हे ऐकायची त्यांची तयारी होती. त्यांनी स्टूल ओढलं, पण बसले नाहीत. शॉक टेबलावर शेजारी ठेवले, दोन्ही हात दोन्ही फिरक्यांवर, डोळे मिटले. "बघ. बघ तुझ्या इंजिनिअरचे धंदे." मोजत आवळू लागले. उजवा आठला थांबला. डावा नऊ, दहा, अकरा. "अकरा! मी आठ लावलेले. आता बोल."

आकांक्षा टेबलाजवळ आली. मग तिनं डावा शॉक त्यांच्या उजव्या बाजूला सरकवला. "बाबा, हाच शॉक. उजव्या हातानं आठ मागे घ्या. तुम्हीच घ्या, आम्ही हात लावत नाही."

"कशाला?"

"घ्या ना."

त्यांनी घेतले. बोटाला आठही क्लिक लागल्या, तांदळातला खडा लागतो तशा.

"झाले आठ? आता आवळा. डाव्या हातानं."

कुशाबांनी डावा हात ठेवला. एक, दोन, तीन. फिरकी फिरत होती, बोटं फिरत होती. सात, आठ. फिरकी अजून थांबली नव्हती. नऊ. दहा. दहाला थांबली.

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा उजव्यानं आठ मागे, पुन्हा डाव्यानं आवळले. अकरा. शॉक तोच, फिरकी तीच, मधे कुणी आलं नव्हतं. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते आणि पाहिलं होतं: डावी बोटं गुळगुळीत फिरकीवरून सटकत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. सटकलेलंही ते क्लिक म्हणूनच मोजत होते.

तीस वर्षं शॉकचा दांडा पॉलिशच्या चाकावर डाव्या हातानंच दाबून धरलेला. तो हात दिवसभर थरथरायचा, रात्री मुंग्या यायच्या. मग मुंग्या यायच्या थांबल्या, आणि कुशाबांना वाटलं होतं, बरं झालं.

ते स्टुलावर बसले. "म्हणजे मी आठ समजून..."

"पाच लागतात," नील हळूच म्हणाला. "कधी सहा. मी यंत्रावर बघतो, आठ करून ठेवतो. बाकी तिन्ही तुमचे अगदी बरोबर असतात, काका. त्यांना मी कधी हात लावला नाही."

"मग सांगायचं नाही?"

"कसं सांगायचं?" आकांक्षा म्हणाली. "तुम्ही हात सोडून दुसरं काय कधी मानलंय?"

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. साडेतीन वाजले होते. कुशाबांना लाज वाटत होती, साधी, उघडी लाज, आणि ती लपवायला त्यांच्याकडे आता राग उरला नव्हता. त्यांनी दोन्ही शॉक पुन्हा शेजारी ठेवले आणि स्टूल उजवीकडे सरकवलं.

"ये नील. डावी तू धर."

नील शेजारी येऊन उभा राहिला. दोघांनी फिरक्या पूर्ण आवळल्या आणि मागे घेताना कुशाबांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. आठला दोघेही थांबले. कुशाबांनी ब्रश बुडवला आणि डाव्या शॉकवर, नीलच्या क्लिकवर, नवी रेघ ओढली. "मघाशी जे बोललो ते चुकलं माझं," ते म्हणाले. नील म्हणाला, "असू दे, काका," आणि यंत्राची वायर गुंडाळायला मागे गेला.

आकांक्षा पेटीला चिकटपट्टी लावत होती. तिच्या गळ्याजवळ हाड जुळलेल्या जागी अजून उंचवटा दिसत होता. कुशाबा त्याच्याकडे बघत राहिले. उजवं वळण. उजव्या वळणावर सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर येतो. डावा शॉक आठऐवजी पाचवर, म्हणजे कडक असेल तर पुढची चाकं पकड सोडतात आणि गाडी नाकाडानं बाहेर पळते, ब्रेक कितीही वेळेवर मारा.

"आकांक्षा," ते म्हणाले. "जानेवारीत डावा किती होता?"

तिनं चिकटपट्टी दातानं तोडायचा प्रयत्न केला. "कात्री कुठेय, बाबा?"

"तुला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. गाडी परत आल्यावर नीलनं यंत्रावर बघितलं. पाच." तिनं पट्टी अंगठ्यानं घासून बसवली. "त्या आधीच मी तुम्हाला ब्रेकचं सांगून बसले होते. मग तेच राहू दिलं."

कुशाबांनी कात्री शोधून दिली. मग वही काढली आणि जानेवारीचं पान उघडलं. त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पुढचे दोन्ही आठ, मागचे सहा, अपघात, ड्रायव्हरची चूक. त्यांनी 'ड्रायव्हरची' खोडलं आणि वर 'कुशाबा गावडे' लिहिलं. पान उलटू नये म्हणून डावा हात त्यावर ठेवला होता, तो तिथेच ओल्या शाईवर राहिला, आणि शाई बोटांना लागलेली त्यांना कळली नाही. आकांक्षानं ते पाहिलं, हातातली कात्री ठेवली आणि ओल्या फडक्यानं त्यांचं एकेक बोट पुसून दिलं.