मिरचीआधी काढलेला भात

क्लॉडेटनं खवलेला नारळ दोन्ही मुठींत धरून पिळला. दूध पातेल्यात पडत असतानाच फाटकाशी मामांचा ट्रक थांबला. आधी भांडी उतरली, माणसं मागाहून. मोठाल्या कढया, पराती, हातभर लांब झारे, आणि शेवटी पाण्याची दोन पिंपं. चार बाप्ये ती पिंपं वाळूवरून गडगडवत अंगणात घेऊन आले.

"पाणीसुद्धा आणलंय," शेजारची फिलो हलक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या नळातून बहुतेक डुक्कर वाहतं, पोरी."

क्लॉडेट हसली नाही. ती घराखालच्या मोकळ्या जागेत चुलीपाशी बसली होती. वर खांबांवरचं लाकडी घर, आणि त्या घरात आई आता नव्हती. आज तिचा तेरावा. मरण्याआधी राजवंतीनं लेकीकडून एवढंच वचन घेतलं होतं. चर्चची गाणी म्हणा, नववी रात्र जागवा, तुझ्या बापाच्या लोकांचं जे काही असेल ते सगळं करा. पण तेरावा माझ्या लोकांच्या हातून व्हावा. राजवंतीला मुलगा नव्हता, नवरा आधीच गेला होता. म्हणून पिंड द्यायला तिचे भाऊ, क्लॉडेटचे मामा हरिलाल, आले होते. या अंगणात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं.

नवव्या रात्री हे अंगण माणसांनी फुललं होतं. चर्चच्या बायकांनी नारळाच्या दुधात कंद आणि कच्ची केळी शिजवून आणली होती. पोमरून नदीकडच्या, मूळनिवासी आरावाक लोकांतल्या म्हातारीनं कसावा कंदाच्या भाकऱ्यांची चळत आणली. चिनी दुकानदार याप यांनी पावांची टोपली पाठवली, आणि फिलोच्या घरून व्हिनेगर-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस आलं. कोण कुणाच्या भांड्यातलं खातंय हे कुणी पाहिलं नाही. रात्रभर डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत होत्या आणि म्हातारे राजवंतीच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगत होते.

त्या गोष्टी क्लॉडेटला पाठ होत्या. भातशेतीच्या गावातली राजवंती, अंगानं सडपातळ, कमरेपर्यंत वेणी. समुद्राच्या बांधावर दगड रचणारा कथबर्ट अडोनिस, काळा, उंच, रविवारी चर्चमध्ये गाणारा. ती त्याच्याबरोबर निघून आली तेव्हा तिच्या बापानं दाराला आतून कडी लावली. बाप गेल्यावर भावानंही ती उघडली नाही. क्लॉडेट जन्मली तेव्हा त्या गावात कुणीतरी तिला दोगली, दोन रक्तांची, म्हटलं. तो शब्द तीन गावं ओलांडून या घरापर्यंत आला. आईनं तो ऐकला, आणि बाळाला उन्हात तेल चोळत बसली.

तरीही दरवर्षी जुन्या वर्षाच्या शेवटच्या रात्री आई कुकअप भात करायची. चवळी, तांदूळ, नारळाचं दूध, थाइमच्या काड्या, सगळं एकाच पातेल्यात. वर्ष उलटताना ज्याच्या पोटात हा भात असतो त्याला वर्षभर उपाशी राहावं लागत नाही, असं कथबर्टची आई सांगायची. राजवंतीनं सासूकडून हा भात शिकून घेतला आणि सासूपेक्षा चांगला करू लागली. संध्याकाळी पहिला डबा भरायचा तो भावाचा. बसवाल्याच्या हाती तो जायचा आणि दोन दिवसांनी घासूनपुसून परत यायचा, कधी आत चार आंबे, कधी पेढ्याचा तुकडा. आई झाकण काढून आत पाहायची.

"एक शीत ठेवलं नाही बघ," ती म्हणायची. त्या दिवशी ती जरा जास्त गुणगुणायची.

म्हणून क्लॉडेटनं आज हा भात मांडला होता. नवं पातेलं विकत आणलं होतं. मांसाचा कण त्यात घातला नव्हता. आईच्या पानावर आईचं आवडतं पडावं आणि मामांनी या घरातला एक घास, एकच, खावा. आईनं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते एकदा घडावं. सकाळी मामा ट्रकमधून उतरले तेव्हा तिनं हात पुसून त्यांना नमस्कार केला आणि हे सांगितलं. हरिलाल काठीवर वाकून उभे होते. चेहरा थेट आईचा, फक्त मिशा लावलेला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं नाही.

"बघू," ते म्हणाले. "पंडितांना विचारावं लागेल."

अंगणात मामांच्या गावच्या पुरुषांनी चर खणून चुली पेटवल्या. भोपळा, कैरी, चणे-बटाटे, अळकुड्या, कटहर म्हणजे कच्चा फणस, वांगी, पालेभाजी, अशा सात भाज्या सात कढयांत रटरटू लागल्या. कढईत झारा फिरवणारे पुरुष एकमेकांना टोमणे मारत होते. भोपळ्यावाल्याला कुणीतरी म्हणालं की तुझ्या बायकोनं तुला घरात चमचाही धरू दिला नाही, आणि इथं आचारी होऊन बसलास. तो म्हणाला, म्हणूनच तर मी मयताची वाट बघत असतो. सगळे हसले आणि मग घराकडे बघून गप्प झाले.

मामी, जसोदरा, जिन्याच्या खालच्या पायरीवर कमळाची मोठी पानं पुसत बसल्या होत्या. स्वभावानं त्या वाईट नव्हत्या. त्यांनी क्लॉडेटच्या गुडघ्यावर हात ठेवला, आईच्या शेवटच्या दिवसांची चौकशी केली, स्वतःच्या सांधेदुखीचं सांगितलं. मग नारळाच्या दुधाचा वास आला तशा त्या मान वळवून पातेल्याकडे पाहू लागल्या.

"तोच वास," त्या म्हणाल्या. "काय हात होता गं तुझ्या आईचा. आमचा टायगर कुत्रा त्या दिवशी दुपारपासून फाटकाशी बसायचा. बसचा आवाज ओळखायचा मेला. तो गेला मग राजा आला, त्यालाही तीच सवय. शीत न् शीत चाटून…"

त्या थांबल्या. पान पुसणारा हात मात्र चालूच राहिला.

फिलो कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"तुझ्या मामांचं तर तुला ठाऊकच आहे," मामी घाईनं म्हणाल्या. "नव्या वर्षाच्या सकाळी आमच्याकडे पूजा. घरात तसलं काही आलेलं चालत नाही. पण भांडं मी स्वतः घासायचे हो, राखेनं. आणि रिकामं कधी पाठवलं नाही."

"हो," क्लॉडेट म्हणाली. "आंबे असायचे."

तिनं पातेल्यातला भात हलवला. तळाशी लागू नये म्हणून हलवावा लागतो. मामी उठून पानं घेऊन अंगणात गेल्या. फिलो काहीतरी बोलणार होती, पण क्लॉडेटनं मान हलवली आणि फिलो पुन्हा कांद्याकडे वळली.

चुलीवर राबणाऱ्यांसाठी मामांच्या माणसांनी थोडा वरणभात आधीच उतरवला होता. मामांना उपाशी राहिलं की चक्कर यायची. म्हणून त्यांनाही पंडितांनी पूजेआधी चार घास खायला लावले. ते बाकावर बसून जेवत होते. क्लॉडेट वाटीत मिरच्या घ्यायला उठली आणि तिचं लक्ष तिकडे गेलं. मामांच्या डाव्या हाताशी बोराएवढ्या लाल मिरच्यांचा ढीग होता. एक घास वरणभाताचा, एक अख्खी मिरची. घास, मिरची. ते कचाकचा चावत होते आणि कपाळावरचा घाम मनगटानं पुसत होते.

क्लॉडेट वाटी हातात घेऊन उभी राहिली.

आई भावाचा डबा मिरची फोडून घालायच्या आधी भरायची. पहिल्यापासून नव्हे. क्लॉडेट शाळेत होती तेव्हा सगळ्यांच्या भाताला मिरची सारखीच असे. मग एका वर्षी बस बंद होती आणि आई स्वतः डबा घेऊन गेली. उशिरा येईन म्हणाली होती, पण दिवेलागणीच्या आत परतली. बापानं विचारलं, भेटला का भाऊ? आई म्हणाली, फाटकाशी ठेवून आले, घाई होती त्यांची. पुढच्या वर्षीपासून ती मिरचीआधी भात काढून ठेवू लागली. "हरिलालचं पोट नाजूक आहे," ती म्हणायची. "तिखट सोसत नाही त्याला." त्या फाटकाशी टायगर बसलेला असायचा.

आणि डबा परत आला की झाकण काढून पाहायची. गुणगुणायची.

क्लॉडेटनं मिरच्या फोडल्या आणि पातेल्यात घातल्या, होत्या तेवढ्या सगळ्या.

पूजा झाली. पंडितांनी मंत्र म्हटले, मामांनी पिंड ठेवले. आईचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना रडू फुटलं आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांच्या पिंपातलं. मग पंडितांनी विचारलं की गेलेल्या बाईला काय आवडायचं, ते पानावर वाढा. सगळ्यांनी क्लॉडेटकडे पाहिलं. मामांनीच सांगितलं, खीर. लहानपणी भोपळ्याची भाजी आणि खीर असली की ती नाचायची. पानावर भोपळा पडला, खीर पडली. ते खोटं नव्हतं. राजवंती कधीतरी लहान होती आणि ते पाहिलेला माणूस आता हा एकच उरला होता.

पंगती बसल्या. कमळाच्या पानांवर भाताचे ढीग, त्याभोवती सात भाज्या. गावातले काळे म्हातारे, याप, चर्चच्या बायका, सगळे मामांच्या कढयांतलं बोटं चाटत जेवले. भोपळ्यावाला आचारी आग्रह करत फिरत होता. क्लॉडेटनंही एक पान घेतलं आणि संपवलं. चव चांगली होती.

मग घराखाली येऊन तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. फिलो बशी घेऊन शेजारी बसली. एवढ्यात काठीचा आवाज आला.

मामा एकटेच आले होते. हातात कोरं पान होतं. डोळे सुजलेले, धोतरावर पिंडाचं पीठ. ते पातेल्यापासून दोन हातांवर थांबले, आणि या वेळी त्यांनी त्यात पाहिलं. भात काठोकाठ होता. नारळाचं तेल सुटून वर चमकत होतं.

"पंडितांना विचारलं मी," ते म्हणाले. "चालेल म्हणाले."

क्लॉडेटनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"राजवंतीच्या हातचं राहून गेलं, पोरी. तुझ्या हातचं तरी एक घास वाढ."

त्यांनी पान दोन्ही हातांनी पुढे धरलं. त्या हातांचा आकारही आईसारखाच होता, अंगठे बाहेर वळलेले. क्लॉडेट त्या अंगठ्यांकडे पाहत राहिली. फिलोनं डाव उचलून तिच्या दिशेनं पुढे केला.

क्लॉडेटनं डाव घेतला नाही. तिनं झाकण उचललं, पातेल्यावर ठेवलं आणि त्यावर हात टेकवला. झाकण गरम होतं. तिनं हात काढला नाही.

"संपला, मामा," ती म्हणाली.

अंगणात कुणीतरी कढई उलटी करून खरवडत होतं. मामांनी पुढे धरलेलं पान खाली घेतलं.

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी पानाची नीट घडी घातली, आधी अर्धी, मग चौथाई, आणि ती कुठे ठेवावी ते न सुचून सदऱ्याच्या खिशात कोंबली. मग काठी टेकत ते अंगणाच्या कोपऱ्यातल्या नळापाशी गेले, पिंपांपाशी नव्हे, या घराच्या नळापाशी. त्यांनी तो सोडला, आणि त्या भाताचं शीतही न लागलेला उजवा हात ते बराच वेळ पाण्याखाली चोळत राहिले.