पांढऱ्या साडीवरची काजळी

ग्रहणाची ती गोष्ट बेबीनंदाबाईंनी आयुष्यात किती वेळा सांगितली असेल, याची गणती नव्हती. ऐंशी सालच्या फेब्रुवारीत भर दुपारी सूर्य झाकोळला, तेव्हा आष्टीत सगळी दारं बंद झाली होती. बाविशीच्या बेबीनंदाला सहावा महिना होता. तिनं अंगणात विळी मांडली आणि टोपलीभर वांगी चिरली. "आपण छप्पन साली धर्म बदलला, तवाच हे सोडलं," असं दाराआडच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. पुढं मुलगी झाली, चांगली धडधाकट. अंगणवाडीच्या तीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक गरोदर बाईला त्यांनी ही गोष्ट ऐकवली.

आणि यंदा जालन्याच्या दवाखान्यात त्याच बेबीनंदाबाईंची जीभ घसरली. सून सुमेधाला मुलगी झाली, तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "मावशी, गिराण पाळलं नव्हतं का?"

"दिवाळीच्या गिराणात वांगी चिरली ना तिनं," बेबीनंदाबाई बोलून गेल्या.

सुमेधा जागी होती. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या दिवशी विळी तिच्यापुढं कुणी सरकवली होती, ते दोघींनाही ठाऊक होतं. दवाखान्यातून ती थेट भोकरदनला माहेरी गेली. तेव्हापासून तिनं बाळ सासूच्या हाती दिलं नव्हतं.

आज तिसऱ्या महिन्यात बाळाचं नाव ठेवायचं होतं. बुद्धवंदनेची पांढरी साडी नेसून बेबीनंदाबाई मुलगा भारतबरोबर एसटीत बसल्या. खिडकीच्या उजेडात साडीवरचे काळे ठिपके दिसले. जालन्यातल्या घराच्या पाठीमागंच लोखंड वितळवायच्या भट्ट्या होत्या, गच्चीवर वाळत घातलेलं कापड काळं होऊनच खाली यायचं. सुमेधाला दुसरा महिना होता, तेव्हा ती हीच साडी घेऊन समोर उभी राहिली होती.

"आत्याबाई, हे बघा. मला दम लागून राह्यला. दोन महिने भोकरदनला जाऊ का?"

"माहेरी सातव्यात जायचं असतं. झटकून घे ती."

सातव्यात ती गेली, कळा लागल्यावर जालन्याला आणली. पण पोटातल्या बाळाचे ओठ दुसऱ्याच महिन्यात जुळतात, हे मागच्या आठवड्यात शस्त्रक्रियेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घर कुठं आहे, सुरुवातीचे महिने कुठं गेले, धूर होता का, असं त्यांनी विचारलं. उत्तर सुमेधानं दिलं. बेबीनंदाबाई फरशीकडं बघत बसल्या.

भोकरदनला बाया सतरंजीवर जमल्या होत्या. दारात चपला काढताना बेबीनंदाबाईंच्या कानावर आलं, "चतुराबाई, पोरीला डीएडपर्यंत शिकवलं, पर गिराणात विळीवरून उठ म्हणून न्हाई शिकवलं व्हय?"

कुणीतरी हसलं. सुमेधाची आई, चतुराबाई, हळूच म्हणाली, "माझंच चुकलं बाई. सांगायला पाह्यजे होतं."

बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ही बाई ग्रहणाची माफी मागत होती. आपला शब्द आपल्या आधी इथं पोचलाय, हे बेबीनंदाबाईंना कळलं.

"विहीणबाई, तुमचं काही चुकलं न्हाई," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "विळी मीच दिल्ती तिला. गिराणानं काही होत न्हाई, हे मी जन्मभर सांगत आले. हिनं धुराचं गाऱ्हाणं केल्तं, इकडं येऊ द्या म्हणली. मीच धाडलं न्हाई."

"मंग धुरानं झालं म्हणा की," हसणारी बाई म्हणाली.

"तेबी एका लेकराचं असं सांगता येत न्हाई, म्हणल्या डॉक्टरीणबाई. धुरानं जोखीम वाढती, एवढं म्हणल्या. पर माझ्यावर बोट येऊ नये म्हणून मी हिच्यावर दाखवलं. ते मातर पक्कं हाय."

भारत मान खाली घालून दारातच उभा होता.

"हे दवाखान्यात सांगायचं होतं, आत्याबाई," सुमेधा म्हणाली.

"व्हय."

"त्या घरात मी येणार न्हाई."

"नको येऊ. भारत मस्तगडला, भट्ट्यांपासून लांब, खोली बघून राह्यला. मीच म्हणलं त्याला."

मग वंदना झाली, प्रियदर्शनी नाव ठेवलं. बाळ भुकेनं रडू लागलं, तेव्हा सुमेधानं वाटी-चमचा आणला आणि बाळ बेबीनंदाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"ताठ धरा. थेंब थेंब पाजा, घाई करू नका."

दूध दुभंगलेल्या ओठातून हनुवटीवर ओघळलं. पुसायला त्यांनी पदर उचलला. एक ठिपका दिसला म्हणून दुसरा काठ घेतला, तिथंही काजळी होती. साडी चाचपत त्या स्वच्छ जागा शोधत राहिल्या.

सुमेधानं आपल्या खांद्यावरचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं.